पाळणाघराचा परवाना आणि वस्तीतली मावशी

दर काही वर्षांनी एखाद्या पाळणाघरातले सीसीटीव्हीचे चित्रण वाहिन्यांवर दिसते. मध्यमवर्ग हादरतो, मंत्री नियमावलीची घोषणा करतात आणि महिन्याभरात सारे थंड होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघर येथे दहा महिन्यांच्या बाळाला आयाने मारहाण केली, तेव्हाही हेच घडले. त्यानंतर इतकी वर्षे लोटली. तरीही घरात पाळणाघर चालवणाऱ्याने कोणाकडून परवाना घ्यावा, किती मुले ठेवावीत आणि तपासणी कोणी करावी, हे ठरवणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेला शॉप अ‍ॅक्टचा कागद म्हणजे मुले सांभाळण्याचा परवाना नव्हे, हे आमच्या बांधवांनी आणि भगिनींनी आधी समजून घ्यावे. तो कागद धंदा सुरू असल्याचे सांगतो. आत मुले कशी आहेत, हे पाहायला त्या कागदासाठी कोणी आलेले नसते.

कायदा येतो तो नंतर. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल संस्थेकडे सोपवलेले असेल आणि संस्थेचा नोकर किंवा चालक दोषी असेल, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. माहिती असून न कळवणाराही त्यात गुन्हेगार ठरतो. म्हणजे मूल जखमी झाल्यावर पोलीस, वकील, न्यायालय सगळे हजर. ते होऊ नये म्हणून दार ठोठावणारा मात्र कोणी नाही.

तेव्हा परवाना हवाच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो अटींचा. नियमावलीची चर्चा निघते तेव्हा बोलणारे असतात वातानुकूलित प्ले-स्कूलचे चालक आणि उच्चभ्रू पालक. त्यांच्या मागण्या ठरलेल्या: अमुक चौरस फूट जागा, प्रत्येक खोलीत कॅमेरा, अग्निशमन दलाचा दाखला, सोसायटीचे ना-हरकत पत्र. या अटी कोण पुऱ्या करील? फ्रँचायझीची साखळी चालवणारा करील. दहा बाय बाराच्या खोलीत शेजारणींची पाच मुले सांभाळणारी वस्तीतली मावशी एका रात्रीत बेकायदा ठरेल.

आणि ती बेकायदा ठरली म्हणून तिच्याकडची मुले प्ले-स्कूलमध्ये जाणार नाहीत. ती आईबरोबर बांधकामाच्या खडीवर जातील, नाहीतर बाहेरून कडी लावलेल्या खोलीत राहतील. बहुतेक घरांत तिसरेच होते. दहा वर्षांची थोरली बहीण शाळा सोडून घरी बसते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा तिला शाळेत बोलावतो, पण कडेवरच्या भावाचे काय करायचे ते सांगत नाही. आमच्या मुलींच्या शाळागळतीची चर्चा करताना पाळणाघराचा शब्दही कोणी काढत नाही, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते.

कोणी म्हणेल, कामाच्या ठिकाणी पाळणाघर देण्याचा कायदा आहे ना? आहे. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याला ते बंधनकारक होते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला बंधनकारक केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा पन्नासच आहे. पण आमच्या स्त्रिया पन्नास जणांच्या आस्थापनेत किती आहेत? चार घरची धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, नाक्यावर उभी राहणारी, टोपली घेऊन बसणारी बाई कोणत्या मालकाकडे पाळणाघर मागणार? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यांच्या लेकरांना दिवसभर कोण सांभाळणार, हा प्रश्न मंडळाच्या दाराबाहेरच राहिला. अंगणवाडी काही तासांत सुटते आणि तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे बसवून घेत नाहीत. केंद्राची राष्ट्रीय पाळणाघर योजना २००६ पासून होती, २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली तिचे नाव ‘पालना’ झाले. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ती आहे. तुमच्या वस्तीत तिचे केंद्र आहे का, एवढे एकदा चौकशी करून पाहा.

मुंबई विधिमंडळात १९२८ साली मातृत्व लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मातेच्या विश्रांतीचा संबंध राष्ट्राच्या हिताशी जोडला होता आणि त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असे सांगितले होते. बाळंतपणाच्या खर्चाला जो न्याय, तोच त्यानंतरच्या तीन वर्षांना का नाही? परवान्याचा खर्च मावशीने करायचा, फी आईने भरायची आणि सरकारने फक्त शिक्का मारायचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

घरगुती पाळणाघराला परवाना देणे अशक्य आहे, असे मात्र नाही. अमेरिकेत गेलेले मराठी अभियंते ज्या कॅलिफोर्नियात मोठ्या संख्येने राहतात, तिथे ही पद्धत रुळलेली आहे. घरात मुले सांभाळणाऱ्याला राज्याच्या समाजसेवा विभागाचा परवाना लागतो. छोट्या घराला जास्तीत जास्त आठ मुले, मदतनीस ठेवलेल्या मोठ्या घराला चौदा. तान्ह्या बाळांची मर्यादा वेगळी. घरातल्या प्रौढांच्या बोटांचे ठसे घेऊन गुन्हेगारी नोंद तपासली जाते. केवळ एकाच शेजारी कुटुंबाची मुले सांभाळणाऱ्या बाईला परवान्यातून सूट आहे. २०१९ च्या कायद्याने घरमालकालाही अशा पाळणाघराला मनाई करता येत नाही, आणि त्याच वर्षी सरकारी अनुदानावर मुले सांभाळणाऱ्या बायांना संघटना करून सरकारशी वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला. तिथल्या गरिबालाही पाळणाघर परवडत नाही, ही गोष्ट वेगळी. पण परवाना घराच्या मापाने बेतता येतो, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. आपल्याकडे अहमदाबादला ‘सेवा’च्या कष्टकरी भगिनींनी १९८६ पासून ‘संगिनी’ ही बालसंगोपनाची सहकारी संस्था चालवली. आमच्या महिला मंडळांनी याचा विचार करायला काय हरकत आहे?

आता जातीचे बोलू, कारण नियमावलीच्या चर्चेत ते कोणीच बोलत नाही. पाळणाघर निवडताना ‘घरगुती, शाकाहारी, सुसंस्कृत वातावरण’ असे शब्द येतात, त्यांचा अर्थ आम्हाला समजतो. मूल ठेवायला गेलेल्या आईला आडनाव विचारले जाते आणि मग ‘जागा भरली’ असे सांगितले जाते. उलटही होते; सांभाळणारी बाई आपली निघाली की मूल दुसऱ्या दिवसापासून येत नाही. संविधानाच्या कलम १५(२) मधल्या ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितला आहे: जिथे कोणीही येऊन सेवा मागू शकतो आणि मालक ती द्यायला तयार असतो, अशी जागा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याच अर्थाने खासगी शिक्षणसंस्थांना या कलमात ओढले. फी घेऊन मुले सांभाळणारे घर यातून सुटू शकत नाही, असे आमचे मत आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ तर आहेच. जातीवरून मूल नाकारले तर परवाना रद्द, ही अट नव्या कायद्यात ठळक लिहिलेली असावी.

कायदा होईल तेव्हा होईल, मूल उद्या सकाळी कुठेतरी ठेवायचेच आहे. म्हणून काही गोष्टी पालकांनी स्वतः पाहाव्यात. फी ठरवण्याआधी मुले मोजा. एका बाईच्या अंगावर तीन-चार तान्ही असतील तर ती कितीही प्रेमळ असली तरी तिला जमणार नाही. दुपारी न कळवता जा. आत येऊ दिले नाही तर दुसऱ्या दिवशी मूल तिथे नेऊ नका. त्या वेळी घरात पुरुष कोण असतात, हे लाज न बाळगता विचारा. गॅस, पाण्याचे पिंप, मोरीतली भरलेली बादली, खिडकीचे गज नजरेखालून घाला. मूल घरी आल्यावर रोज सुस्त पडून राहते का, तेही पाहा. झोपवण्यासाठी खोकल्याचे औषध किंवा बाळगोळी पाजण्याची चाल अजून गेलेली नाही. अंगावर वळ दिसला तर आधी फोटो, मग सरकारी दवाखान्यातला तपासणी कागद, मग पोलीस ठाणे. १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तक्रार तोंडी देऊन परत येऊ नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.