रांगती गाडी

आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला दोन विषयांत अडकले, आणि तेव्हापासून आम्हां बापलेकांतले बोलणे 'जेवायला चल' एवढ्यावर आले. अशात त्याच्या टेबलावर मला एक चिमुकली जीप दिसली. माझा पारा चढला. "एकोणिसाव्या वर्षी खेळणी?" तो गप्प राहिला. रविवारी सकाळी मात्र म्हणाला, "बाबा, वेताळ टेकडीवर येता?"

वाटेत माझे शिक्षण झाले. ही पळणारी नव्हे, खडक चढणारी गाडी. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. एक चोविसांश मापाचीही मिळते. तिला घरातला पुस्तकांचा ढीगसुद्धा डोंगर म्हणून पुरतो. नवशिक्याने जोडलेली तयार गाडीच घ्यावी. जोर चारही चाकांना असतो आणि चाके एकमेकांशी जखडलेली असतात. म्हणून एखादे चाक अधांतरी लटकले तरी बाकीची ओढत राहतात. टायरात हवेऐवजी स्पंज असतो, त्यामुळे मऊ रबर खडकाला बिलगते. वजन जितके खाली तितके बरे. लिथियम-पॉलिमर बॅटरी मात्र सांभाळावी लागते : दर सेलला ४.२ व्होल्टच्या वर चढवायची नाही, ३ च्या खाली उतरू द्यायची नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायचे नाही.

काळ्या पाषाणापुढे रिमोट माझ्या हाती आला. मी खटका करकचून दाबला. चाके गरगरली, माती उडाली, गाडी उताणी! दुसऱ्या खेपेलाही तेच.

"बाबा, जोर कमी करा. चाक नुसतं फिरलं की पकड जाते. आधी दगड बघा, वाट ठरवा, मग हळूहळू न्या."

आधी उतारा नीट वाचा, मग लिहायला घ्या, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. आज तोच धडा मला मिळत होता.

तिसऱ्या खेपेला गाडी चार बोटे चढली आणि अडली. मी घाबरून खटका सोडला, तरी ती घसरली नाही. तिथेच थबकून राहिली. "आता थोडी मागे घ्या," तो म्हणाला, "मागे घेणं म्हणजे हरणं नाही." मागे घेतली, चाके वळवली, आणि गाडी माथ्यावर पोचली. आम्ही दोघेही मोठ्याने हसलो. असे हसून किती दिवस झाले होते!

उतरताना मी विचारले, "गणितात नेमकं कुठे अडतंय रे?"

'का अडलास?' हे मी आठ महिने विचारत होतो. 'कुठे?' हे त्या दिवशी प्रथमच विचारले.

तो घर येईपर्यंत सांगत होता. गाडी माझ्या हातात होती.