वक्ता थांबला की शिट्टी का वाजते?

इंदूरहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या वसाहतीने वर्गणी काढून सभागृहासाठी नवी ध्वनियंत्रणा घेतली. माइक जुनेच, पण मिक्सरच्या जोडीला एकतीस पट्ट्यांचा इक्वलायझर आणि एक कॉम्प्रेसर आला. तेव्हापासून तक्रारी वाढल्या. वक्ता बोलत असतो तोवर ठीक असते. तो पाणी प्यायला थांबला की आधी पंख्यांची घरघर ऐकू येते आणि पाठोपाठ शिट्टी वाजते. भजनात पखवाजावर थाप पडली की गाणाऱ्याचा आवाज दबतो. इक्वलायझरच्या सगळ्या पट्ट्या हलवून झाल्या, उपयोग नाही. शब्दच कळत नाहीत म्हणून मागच्या रांगेतली वयस्कर मंडळी आता कार्यक्रमाला येईनाशी झाली आहेत.

बोलताना ठीक आणि थांबल्यावर शिट्टी, यातच रोगाचे निदान आहे. दोष इक्वलायझरचा नव्हे, कॉम्प्रेसरचा. खरे म्हणजे तो लावण्याच्या पद्धतीचा.

लाऊडस्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. एका फेरीत तो जेवढा निघाला तेवढाच परत आला, की शिट्टी सुरू होते. आता कॉम्प्रेसरचे काम पाहा. ठरवलेल्या पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेलेला आवाज तो दाबतो. रेशो चारास एक असेल, तर 12 डेसिबल वर गेलेला आवाज फक्त 3 डेसिबल वर जातो, म्हणजे 9 डेसिबल कापले जातात. साहजिकच सगळे बारीक ऐकू येते. मग माइकवाला कॉम्प्रेसरचे आउटपुटचे बटण 9 डेसिबलने वाढवतो. वक्ता जोरात बोलत असताना हिशेब बरोबर जुळतो. पण तो थांबला की दाबायला काही उरत नाही आणि वाढवलेले 9 डेसिबल मात्र तसेच राहतात. 9 डेसिबल म्हणजे जवळपास आठपट वीजशक्ती! मग पंखे गरजणार आणि माइक कुई करणारच.

खात्री करणे सोपे आहे. आवाज थोडा कमी करून कॉम्प्रेसरचे बायपासचे बटण दाबा. थांबल्यावरची शिट्टी गेली, तर चोर सापडला. मग आउटपुट शून्यावर आणा, रेशो दोनास एक किंवा तीनास एक ठेवा आणि थ्रेशोल्ड इतका वर घ्या की साध्या बोलण्यात आवाज दाबल्याचे दाखवणारे दिवे लागणारच नाहीत, फक्त जोराच्या शब्दाला एखाददुसरा लागेल. ते दिवे सतत पेटलेले असणे हे यंत्र उत्तम चालल्याचे लक्षण आहे, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे.

पखवाजाचे कोडेही याच घरातले. कॉम्प्रेसर सगळ्या मिक्सरच्या शेवटी जोडला, तर पखवाजाची जड थाप त्याला सर्वांत मोठी वाटते आणि तो थापेबरोबर गाणेही दाबतो. तो फक्त गायकाच्या माइकच्या चॅनेलवर जोडावा. ते जमत नसेल, तर भजनापुरता बायपास केलेला बरा. डिजिटल मिक्सरमध्ये हे सारे पडद्यावर असते, पण नियम तेच.

आता इक्वलायझर. आधी सगळ्या पट्ट्या मध्यावर आणा. दोन्ही टोके वर आणि मधला भाग खाली, अशी हसऱ्या ओठांसारखी रचना अनेक हॉलमध्ये दिसते. सिनेसंगीताला ती गोड लागत असेल, भाषणाचा मात्र ती घात करते. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि त्यांची बरीचशी ओळख साधारण 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यांत असते. वयोमानाने ऐकणे कमी होते तेही आधी वरच्या स्वरांचेच. म्हणूनच आजोबांना आवाज ऐकू येतो, पण 'सात' की 'साठ' ते कळत नाही. यावर उपाय आवाज वाढवणे हा नव्हे. मिक्सरवरचे लो-कटचे बटण दाबा, 125 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्या तीन-चार डेसिबल खाली घ्या. घुमणे कमी झाले की शब्द आपोआप वर येतात.

शिट्टी शोधायची, तर सभागृह रिकामे असताना आवाज हळूहळू वाढवा. बारीक 'ऊं' सुरू होताच थांबा आणि कोणती पट्टी खाली घेतल्यावर ती जाते ते पाहा. अशा तीन-चार पट्ट्या प्रत्येकी 3 ते 6 डेसिबल कमी कराव्यात, जास्त नाही. पुढे गेलात तर माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा वक्त्याला सांगा, तोंड माइकपासून 40 ऐवजी 20 सेंटिमीटरवर ठेवा. एवढ्यानेच सुमारे 6 डेसिबल फुकट मिळतात. लाऊडस्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत आणि वापरात नसलेला माइक बंद असावा. एकाच्या जागी दोन माइक उघडे राहिले, तरी शिट्टीपासूनचे अंतर 3 डेसिबलने घटते.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ती वाचून मात्र मी दचकलो. 'घूं' असा सततचा आवाज जावा म्हणून कुणीतरी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची मधली जाड पिन कापली आहे. हा आवाज विजेच्या 50 हर्ट्झचा आणि त्याच्या 100, 150 अशा पटींचा असतो, त्यामुळे इक्वलायझरची एक पट्टी ओढून तो जात नाही, हे खरे. पण अर्थिंग तोडल्यावर आत कुठे तार सुटली, तर माइकच्या धातूच्या दांड्यापर्यंत वीज पोहोचू शकते आणि तो दांडा कुणा लहान मुलाच्या हातात असू शकतो. प्लग आजच बदलून घ्या. मिक्सर, कॉम्प्रेसर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांना वीज एकाच ठिकाणच्या, नीट अर्थिंग असलेल्या जोडणीवरून द्या आणि माइकच्या वायरी विजेच्या वायरींपासून दूर टाका. तरीही 'घूं' राहिली, तर जाणकाराकडून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स आवाजाच्या वायरीत बसवून घ्या, विजेच्या वायरीला हात न लावता.