कानांतील वाटाड्या

जुनें शहर पाहावयास जाणाऱ्या मनुष्यास आजवर तीन प्रकारचे सोबती मिळत आले. एक, त्या शहरांत राहणारा आप्त; दुसरा, पैसे घेऊन स्थळें दाखविणारा वाटाड्या; आणि तिसरा, माहितीचें पुस्तक. आप्तास सवड नसते, वाटाड्यास घाई असते, आणि पुस्तक वाचीत रस्त्यानें चालूं गेलें तर ठेंच लागते. अलीकडे या तिघांच्या जोडीस चौथा सोबती आला आहे. तो दिसत नाहीं. तो कानांत बोलतो. मोबाइलमध्यें एक ध्वनिमुद्रित कथन घरींच उतरवून घ्यावें, कानांत इअरफोन घालावा, आणि ठरलेल्या ठिकाणीं जाऊन कळ दाबावी, कीं हा सोबती त्या जागेची हकीकत सांगूं लागतो. कांहीं कथनांत तर कळही दाबावी लागत नाहीं. आपण कोठें उभे आहों हें यंत्र उपग्रहांच्या साहाय्यानें ओळखतें, आणि कथन आपोआप सुरू होतें.

ही कल्पना अगदींच आजची नव्हे. ॲम्स्टरडॅम येथील स्टेडलिक संग्रहालयांत १९५२ सालींच प्रेक्षकांस रेडिओच्या लहरींवरून कानांत माहिती ऐकविण्याची सोय झाली होती. आपल्या केंद्र सरकारच्या पर्यटन खात्यानेंही २०१९ सालीं देशांतील १२ स्थळांकरितां असें श्राव्य मार्गदर्शन सुरू केलें. आतां हें साधन संग्रहालयाच्या दारांतून बाहेर पडून शहरांच्या गल्लीबोळांत फिरूं लागलें आहे. आमच्या शाळेची सहल मुंबईच्या फोर्ट भागांत न्यावी आणि मुलांनीं तो भाग अशा कथनाच्या सोबतीनें पायीं पाहावा, अशी सूचना निघाली, तेव्हां कित्येक पालकांनीं विचारिलें कीं, वर्षभर मोबाइल शाळेंत आणूं नका म्हणतां, आणि सहलीस तोच बरोबर घ्या म्हणतां, ही कोणती रीत? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे, म्हणून हा लेख.

फोर्टांत गेलेलें मूल प्रथम हेंच विचारतें कीं, फोर्ट म्हणजे किल्ला, तर किल्ला कोठें आहे? चर्चगेट स्थानकावर उतरावें, तर तेथें दरवाजाही नाहीं आणि चर्चही नाहीं. काळा घोडा चौकांत जावें, तर घोडा आहे, पण पाठीवर स्वार नाहीं. डोळ्यांपुढें जें आहे, त्यावरून या नांवांचा उलगडा होत नाहीं. डोळे असलेली वस्तु दाखवितात. नाहींशी झालेली वस्तु दाखविण्यास कोणी तरी सांगणारा लागतो. जुन्या शहरांत तर उरलेल्यापेक्षां गेलेलेंच अधिक असतें.

ईस्ट इंडिया कंपनीनें अठराव्या शतकाच्या आरंभीं या वस्तीभोंवतीं तट बांधला. त्यास अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन मुख्य दरवाजे होते. तटाच्या आंत सेंट थॉमस हें उपासनामंदिर होतें, व तें आजही आहे. गव्हर्नर जेराल्ड आंजिअर याच्या कारकीर्दींत १६७६ सालीं त्याचें काम सुरू झालें, अनेक वर्षें अर्धवट पडून राहिलें, आणि अखेर १७१८ च्या नाताळांत तें उपासनेस खुलें झालें. त्याकडे नेणारा दरवाजा तो चर्चगेट. पुढें १७३९ सालीं चिमाजीआप्पांनीं वसई घेतली, तेव्हां मुंबईच्या व्यापाऱ्यांस धडकी भरली, आणि तटाबाहेर खंदक खणण्याकरितां त्यांनीं ३०,००० रुपयांची वर्गणी जमविली. तटावरील तोफांस मारा करण्यास आडकाठी नको, म्हणून बाहेरची जागाही मोकळी ठेवण्यांत येऊं लागली. सर बार्टल फ्रेअर १८६२ सालीं गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकीर्दींत हा तट पाडला गेला व खंदक बुजला. परंतु ती मोकळी जागा पुरती गेली नाहीं. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल हे तिचेच अवशेष होत. ज्या हिरवळीवर आज मुलें क्रिकेट खेळतात, तो एके काळीं तोफांच्या माऱ्याचा पट्टा होता!

वसईचा विजय आमच्या मुलांस पाठ असतो. तथापि त्या विजयाच्या धास्तीनें समुद्रापलीकडच्या एका शहरानें आपल्याभोंवतीं खंदक खणून घेतला, हें वर्गांत सांगितलेलें वाऱ्यावर जातें. तेंच खंदकाच्या जागीं उभें असतां कानीं पडलें, तर जन्मभर विसरत नाहीं. या साधनाचा हा पहिला गुण. दुसरा गुण असा कीं, तें थांबविलें तर थांबतें, आणि पुन्हां विचारिलें तर न कंटाळतां पुन्हां सांगतें. ज्या मुलास चारचौघांत दुसऱ्यानें विचारावयाची लाज वाटते, त्यास हा मोठाच आधार आहे. ज्यास डोळ्यांनीं दिसत नाहीं, त्यास तर असें कथन म्हणजे शहराचा दरवाजाच उघडल्यासारखें होय. म्हणून सरसकट नाकारावें असें हें साधन नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां दुसरी बाजू. उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात, आणि यंत्रास आपली जागा नीट समजत नाहीं. मग आपण एका इमारतीपुढें उभे असतों, आणि कानांत दुसरीचीच कथा चालते. दोन्ही कान झांकून रस्ता ओलांडणें हें तर जिवावरचें काम आहे. परंतु हे दोष सावधगिरीनें टळण्यासारखे आहेत. नकाशा हातांत ठेवावा, एक कान नेहमीं मोकळा ठेवावा, आणि चालतांना कथन बंद ठेवून उभें राहिल्यावरच ऐकावें, म्हणजे झालें.

खरा दोष याहून खोल आहे. हा वाटाड्या बोलतो, पण ऐकत नाहीं. आप्ताला आपण मध्येंच थांबवून "असें कां?" म्हणून विचारूं शकतों. भाडोत्री वाटाड्यासही उलट प्रश्न करितां येतो, आणि त्याच्या तोंडावरूनच समजतें कीं त्यास ठाऊक आहे किंवा तो वेळ मारून नेत आहे. ध्वनिमुद्रित आवाजास चेहरा नाहीं. तो सर्व कांहीं सारख्याच ठामपणानें सांगतो, आणि ऐकणाऱ्या कोवळ्या मनास वाटतें कीं एवढेंच सांगण्याजोगें होतें. जें वगळलें, त्याची जागा रिकामी दिसत नाहीं.

उदाहरणार्थ, १८८८ सालीं पूर्ण झालेलें बोरीबंदरचें स्थानक, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. २००४ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारसास्थळांत स्थान दिलें. त्याचा शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हें नांव कोणतेंही कथन सांगेल. परंतु त्या कामावर साहाय्यक अभियंता म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव होते, आणि दगडांतील पानें, फुलें, पशुपक्षी यांच्या कोरीव कामांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हें सांगावयास वेळ उरला तर सांगतील, न उरला तर राहील. आमच्या विद्यार्थ्यांस मात्र नेमकें तेंच ऐकण्याची गरज आहे. आपल्याएवढ्याच शिकणाऱ्या मुलांचे हात त्या भिंतीस लागले आहेत, हें कळलें म्हणजे ती भिंत परकी राहत नाहीं.

फ्लोरा फाउंटन घ्या. जुन्या चर्चगेटच्या जागीं १८६४ सालीं हें कारंजें उभें राहिलें, आणि त्यावर रोमन लोकांच्या पुष्पदेवतेची मूर्ति आहे. एवढें सांगून आवाज पुढें चला म्हणाला, तर काय होईल? संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं १९५५ च्या नोव्हेंबरांत याच ठिकाणीं लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणून त्या चौकास हुतात्मा चौक म्हणतात. मशाल धरलेले शेतकरी व कामगार यांचें स्मारक कारंज्यापासून हांकेच्या अंतरावर आहे. देवतेचें नांव ऐकून निघून गेलेलें मूल ज्या राज्यांत राहतें, तें राज्य कशानें मिळालें याची खूण न पाहतांच परत येतें.

याच्या उलट काळ्या घोड्याची गोष्ट पाहा. तेथें सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा होता. तो १९६५ सालीं तेथून हलविला, आणि पुढें भायखळ्याच्या राणीच्या बागेंत ठेविला. स्वार नसलेला नवा घोडा बसविला तो २०१७ सालीं. मधलीं ५२ वर्षें चौकांत घोडा नव्हता, तरी लोकांनीं नांव सोडलें नाहीं. हें नांव कोणत्या यंत्रानें जतन केलें? तें माणसांच्या तोंडीं राहिलें, म्हणून टिकलें. शहराची आठवण शेवटीं एकानें दुसऱ्यास सांगितल्यानें टिकते, हें त्या रिकाम्या चौकानें अर्धें शतक सिद्ध करून दाखविलें.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक मुलाच्या कानांत एक यंत्र, असें नको. चार मुलांत एकच यंत्र असावें. ज्यांच्या घरीं मोबाइल आहे आणि ज्यांच्या घरीं नाहीं, असा भेदही त्यामुळें सहलींत उरणार नाहीं. चौघांपैकीं एकानें ऐकावें, आणि कथन थांबवून बाकीच्या तिघांस आपल्या शब्दांत सांगावें. दुसऱ्यानें नकाशा धरावा. तिसऱ्यानें कथनांत न आलेलें पण डोळ्यांस दिसलेलें टिपून घ्यावें. चौथ्यानें तेथल्या एका तरी माणसास, मग तो पहारेकरी असो, वृत्तपत्र विकणारा असो वा चहावाला असो, नम्रपणें एक प्रश्न विचारावा. पुढच्या स्थळीं कामें बदलावींत. पुष्कळ कथनें इंग्रजींत असतात, हा आमच्या मुलांस अडथळा वाटतो. या रीतीनें तो लाभच ठरेल. इंग्रजींत ऐकलेलें उभ्याउभ्या मराठींत सांगावयाचें, यापेक्षां चांगला भाषेचा धडा आम्हांस तरी ठाऊक नाहीं. आणि जें आपणांस दुसऱ्यास समजावून सांगतां आलें, तेंच आपणांस समजलें, ही शिक्षकाच्या धंद्यांतील जुनी कसोटी आहे.

पालकांच्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. वर्गांत आम्ही मोबाइल नको म्हणतों, कारण तो मुलास शेजारच्या मुलापासून तोडतो. सहलींत आम्ही तो मागतों, तो याच अटीवर कीं त्यानें चार मुलांस एकत्र आणावें. ही अट पाळतां येत नसेल, तर तो घरींच राहिलेला बरा. आम्ही नकाशा, वही आणि मुलांचीं तोंडें एवढ्यावर सहल करूं.

विद्यार्थ्यांनो, मुंबईचें कथन करणारे पुष्कळ आहेत. आपल्या गांवाच्या वेशीचें, जुन्या आडाचें, बाजारपेठेंतील नांव उरलेल्या पण झाड गेलेल्या चिंचेचें कथन कोणी करावयाचें? त्याकरितां मोठें साहित्य लागत नाहीं. घरांतील आजी-आजोबांस विचारा, दोघांचें म्हणणें जुळतें का तें पाहा, जें खात्रीचें ठरेल तेंच लिहून काढा, आणि स्वच्छ आवाजांत वाचून मोबाइलमध्यें सांठवा. कोणी सांगितलें त्यांचें नांव आरंभीं घ्या. त्यांचा संकोच असेल तर घेऊं नका. वगळलेलें काय, हेंही शेवटीं प्रामाणिकपणें सांगा. ज्यांनीं विचारावयाचें ते तुम्ही लहान आहां, आणि ज्यांनीं सांगावयाचें ते म्हातारे झाले आहेत. हें काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखें नाहीं. येत्या सुट्टींत प्रत्येकानें एक जागा घ्यावी. जून महिन्यांत शाळा उघडेल, तेव्हां तीं कथनें ऐकावयास आम्ही एक कान मोकळा ठेवून तयार राहूं.