चार पानं मराठीत मागा

मा. कुलगुरू,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, सोलापूर



डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्तीची चर्चा चालू असताना सत्ताधारी बाकांवरून सवाल आला होता : पीएच.डी. करून काय दिवे लावणार? संशोधक विद्यार्थी संतापले आणि त्यांचा संताप रास्तच होता. पण तोच प्रश्न जरा मऊ शब्दांत घरोघरी विचारला जातो. तिशीला टेकलेल्या मुलीला लग्नाच्या पंगतीत मामा विचारतो, ‘तुझं ते अजून चालूच आहे का गं?’ तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. ते मामाला कळेल असं सांगायची सवय आपण तिला लावलेली नसते, आणि तिनं स्वतःहून लावून घेतली तर त्याची कुठेच नोंद होत नाही.

सांगण्यासारखं काय असतं, याचं आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं आपल्याच डोक्यावरच्या ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडून पाहिले. निष्कर्ष 2023 मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिकात आले : योग्य ढग मिळाले तर सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी 18 टक्क्यांनी वाढतो. या वाक्यातलं खरं शास्त्र ‘योग्य ढग मिळाले तर’ एवढ्या शब्दांत आहे. कोरड्या आभाळातून पाऊस काढता येत नाही. तरी दुष्काळ पडला की कृत्रिम पावसाची मागणी होते, आणि त्याच वेळी पारावर कुणीतरी ‘विमानंच ढग पळवतात’ असं छातीठोक सांगत असतो. तिथं उभं राहून दहा मिनिटांत हे समजावून सांगणारी पोरं आपल्याकडे आहेत. भौतिकशास्त्र शिकलेली, मोहोळची, माढ्याची. ती बोलत नाहीत.

का बोलत नाहीत, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. सहामाही प्रगती अहवालावर मार्गदर्शकाची सही लागते. वर्तमानपत्रात लेख आला की ‘हल्ली लेखक झालात वाटतं’ हा शेरा ठरलेला. त्यात शिक्षणव्यवस्थेबद्दल दोन वाकडे शब्द असतील, म्हणजे मानधन वेळेवर येत नाही किंवा जागा भरल्या जात नाहीत एवढंच जरी लिहिलं असेल, तरी पुढच्या मुलाखतीच्या टेबलापलीकडे तो लेख कुणीतरी वाचलेला असेल, ही धास्ती. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मराठीत लिहीत तेव्हा त्यांची कारकीर्द कुणाला अडवता येण्यासारखी नव्हती. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलीची येते.

मोजलं जातं ते वेगळंच. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 च्या नियमांत काढली. मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न अजून ‘पेपर किती?’ हाच असतो. या मोजणीनं काय पिकतं तेही पाहून झालंय. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची तपासणी केली, तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेल्यांतली 88 टक्के कमी दर्जाची निघाली. पुढे तिच्या जागी आयोगाची ‘केअर’ यादी आली, आता तीही गेली. पैसे भरून छापलेला आणि कुणीही न वाचलेला निबंध बायोडाटात बसतो. सांगोल्यात दोनशे डाळिंब बागायतदारांसमोर तेल्या रोगावर दिलेलं व्याख्यान बसत नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तरीही फळावर तेलकट डाग दिसला की बरेच बागायतदार आधी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर फळ दाखवतात. तिथला माणूस मराठीत बोलतो, आणि लगेच बोलतो. औषधही विकतो, ही त्यातली अडचण.

2004 साली स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं. यावर नाकं मुरडणारे आजही भेटतात. मला ती मोठी सोय वाटते. अकरा तालुके, सकाळी निघालेला संशोधक कुठल्याही गावात बोलून रात्री घरी जेवायला येतो.

म्हणून मागणं साधं आहे. प्रत्येक प्रबंधासोबत चार पानी मराठी सारांश सक्तीचा करा आणि तो संकेतस्थळावर सगळ्यांना खुला ठेवा. काही मार्गदर्शक आपणहून तो लिहून घेत असतील, तर त्यांचाच नमुना वापरा. मौखिक परीक्षेला नियमाप्रमाणे शिक्षक, संशोधक आणि तज्ज्ञ येतात; तिच्यानंतर महिन्याभरात एक व्याख्यान तालुक्याच्या गावी व्हावं, मराठीत, प्रश्नोत्तरांसह. आपल्या अखत्यारीतल्या मूल्यमापनात या लेखनाला आणि व्याख्यानाला गुण द्या. आणि प्रसिद्ध झालेल्या आपल्या संशोधनाबद्दल किंवा शिक्षणव्यवस्थेबद्दल सार्वजनिक लिहायला मार्गदर्शकाची परवानगी लागणार नाही, असं परिपत्रक काढा. यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त आहे. बहुधा तेच सगळ्यात जड जाईल.

‘यानं दर्जा घसरेल’ असं विद्या परिषदेत कुणी म्हणेलच. त्यांना एवढंच विचारावं, की स्वतःच्या प्रबंधात काय सापडलं हे ज्याला चार पानांत सांगता येत नाही, त्याचा दर्जा आपण कशावरून ठरवला?

केंद्र सरकारनं ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवले, कारण जगातली नियतकालिकं आपल्या मुलांना वाचता यावीत. चांगलं झालं. आपल्या मुलांचं काम आपल्या जिल्ह्याला वाचता यावं, यासाठी कोटी लागत नाहीत. एक ठराव लागतो. विद्या परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक सोलापूरकर