क्विसलिंग आणि जयचंद

इंग्रजीत फितुराला ‘क्विसलिंग’ म्हणतात. मुळात हे आडनाव. विडकुन क्विसलिंग हा नॉर्वेचा लष्करी अधिकारी, एकेकाळचा संरक्षणमंत्री. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि त्याच संध्याकाळी या गृहस्थाने रेडिओवरून स्वतःलाच पंतप्रधान जाहीर केले! दहा दिवसांत लंडनच्या ‘टाइम्स’ने त्याचे नाव फितुरांसाठी वापरले. खटला चालून २४ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. म्हणजे शब्दामागे सिद्ध झालेला गुन्हा आहे.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिकडे याच अर्थाने ‘जयचंद’ म्हणतात. पण कनौजचा जयचंद ११९४ मध्ये चंदावरला मुहम्मद घोरीशी लढतानाच मारला गेला, हे किती जणांना ठाऊक असते? आपल्याकडे सूर्याजी पिसाळ. आणि वर्गात पिसाळ आडनावाचा मुलगा असला की त्याचा काय दोष?

हल्ली मधल्या सुट्टीत दुसऱ्या संघाकडून खेळणाऱ्यालाही मुले ‘गद्दार’ म्हणतात. पालकहो, टीव्हीसमोर आपणही म्हणतो, मुले ऐकतात. शाळेत हा शब्द मी चालू देणार नाही. चिडवायचेच असेल तर ‘रडका’ म्हणा.

— मुख्याध्यापक