अंधाराची वाटणी आणि आपल्या मुलांचे शिक्षण



“लाईट गेली, त्याला कोण काय करणार?” हे वाक्य परभणी जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांतून नित्य ऐकू येते. मुलाचा अभ्यास अर्धा राहिला की आई हेच म्हणते, बापही हेच म्हणतो. शाळेत मूल गुरुजींना हेच कारण सांगते आणि गुरुजी मान हलवून पुढच्या मुलाकडे वळतात. धम्मदीक्षा घेऊन ज्या घरांनी दैववादाला मूठमाती दिली, त्या घरांच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. वीज जाणे हे ग्रहण नव्हे. वादळात तार तुटते हे खरे. परंतु ती किती दिवसांनी जोडावयाची, रोहित्र जळाले तर नवे केव्हा बसवावयाचे आणि वीज कमी पडली तर प्रथम कोणाची तोडावयाची, हे माणसे ठरवितात. माणसे जे ठरवितात त्याचा जाब माणसांना विचारता येतो. तो आपण विचारीत नाही, हीच आमची तक्रार आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईल फोनवर गेले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून; म्हणजे वीस महिन्यांहून अधिक काळ लहान मुलांची शाळा फोनच्या पडद्यात कोंडलेली होती. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाची पाठमालाही सुरू झाली. परंतु दूरचित्रवाणीलाही वीज लागते आणि फोनलाही लागते. मजुरीवर गेलेल्या बापाच्या खिशात घरातला एकमेव फोन; तो संध्याकाळी घरी यावा आणि नेमकी त्याच वेळी वीज जावी! वीज लांबली की मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरीही संपते आणि फोन जिवंत असला तरी पाठ उघडत नाही. २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लागला तो नववीच्या गुणांवर व दहावीतील अंतर्गत मूल्यमापनावर. ज्याच्या घरी त्या वर्षी फोन चार्ज होत नव्हता, त्याचेही मूल्यमापन त्याच मापाने झाले. त्या अंधाराचे गुण कोणी धरले?

साथ गेली आणि शाळा उघडल्या, म्हणून प्रश्न मिटला असे समजू नका. घरचा अभ्यास आता व्हॉट्सॲपच्या गटावर येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जाच्या अखेरच्या दिवशी तालुक्याच्या गावी वीज असते, सेतू केंद्र चालू असते. खेड्यातली वीज गेलेली असते. असा एक दिवस गेला तर मुलीचे एक वर्ष जाते, आणि आपल्या समाजात मुलीचे एक वर्ष गेले की पुष्कळदा तिचे शिक्षणच संपते.

आता ही वाटणी कशी होते ते पाहा. महावितरण कंपनीने विजेच्या वाहिन्यांचे, म्हणजे फीडरांचे, गळती व बिलवसुली यांवरून ए ते जी असे गट पाडलेले आहेत. ज्या वाहिनीवर गळती व थकबाकी अधिक, तिच्या वाट्याला भारनियमन अधिक. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई झाली तेव्हाही हेच माप पुढे आले. ऐकावयास हे न्याय्य वाटते. परंतु विचार करा: वाहिनी एका माणसाची नसते. तिच्यावर महिन्याच्या महिन्याला बिल भरणारी विधवा असते आणि आकडा टाकून वीज चोरणारा धनदांडगाही असतो. दोघांच्या घरात एकाच वेळी अंधार पडतो. चोराच्या घरी इन्व्हर्टर असतो आणि विधवेच्या मुलापुढे विझलेला फोन असतो. माणसाचे कृत्य न पाहता त्याची वस्ती पाहून त्याला शिक्षा देणे हा न्याय आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या आपण तोच भोगला. तो आता इंग्रजी अक्षरांच्या गटांतून आला म्हणून न्याय ठरत नाही.

त्यात भर अशी की, आपली वस्ती बहुधा गावाच्या कडेला असते, म्हणजे विजेच्या तारेच्याही शेवटच्या खांबावर. तार जितकी लांब आणि तिच्यावर भार जितका जास्त, तितका शेवटच्या घरी दाब कमी. शेतातल्या वस्तीवरची घरे शेतीपंपांच्या वाहिनीवर असली, तर पंपांना वीज मिळेल तेवढेच तास त्यांना उजेड. आणि हे कोणत्या जिल्ह्यात? ज्या जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण उभे आहे आणि त्यावर २२.५ मेगावॅटचे वीजकेंद्र आहे, त्या जिल्ह्यात! शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र १९७१ पासून उभे आहे आणि गंगाखेडहून रेल्वेने निघाले की परळी फार दूर नाही. ज्या पाण्याने आणि ज्या कोळशाने ही वीज निर्माण होते ते आपल्या दारात, आणि उजेड मात्र दुसऱ्याच्या दारात!

यावर काही शहाणे आपल्याला सांगतात, “बाबासाहेब कंदिलाच्या उजेडात शिकले; तुमच्या मुलांना काय झाले?” या युक्तिवादाचा नीट समाचार घेतला पाहिजे. परळच्या चाळीतील एका खोलीत रामजीबाबा भीमरावांना पहाटे दोन वाजता उठवीत आणि ते मिणमिणत्या दिव्यापाशी वाचीत, हे खरे आहे. परंतु त्यांच्या हातात छापलेले पुस्तक होते. पुस्तक कंदिलाच्या उजेडात वाचता येते. विझलेल्या फोनमधला पाठ हजार कंदील लावूनही वाचता येत नाही. आणि कंदिलाखाली शिकलेल्या त्याच माणसाने पुढे काय केले? १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि विजेचा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविकासाच्या समितीपुढे त्यांनी मांडले की, या देशाचे दारिद्र्य हटवावयाचे तर वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक विद्युत् मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकीर्दीत. कंदिलाची थोरवी गाणाऱ्यांनी हा अर्धा इतिहास विसरू नये. बाबासाहेबांनी कंदील सोसला, पण तो आपल्याला वारसा म्हणून दिला नाही.

हीच गोष्ट जिद्दीच्या कौतुकाची. २०२० साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने नेटवर्क मिळावे म्हणून डोंगरावर खोपटे बांधून अभ्यास केला. वर्तमानपत्रांनी तिची वाहवा केली. ती मुलगी खरोखरच वंदनीय आहे. परंतु तिच्या जिद्दीचे कौतुक करता करता ज्यांच्यामुळे तिला डोंगर चढावा लागला त्यांना कोणी काही विचारले काय? गरिबाच्या मुलाने असामान्य असावे आणि श्रीमंताच्या मुलाने सामान्य असूनही उत्तीर्ण व्हावे, याला समान संधी म्हणत नाहीत.

कायदा आपल्या बाजूला आहे. ३१ डिसेंबर २०२० च्या केंद्रीय वीज ग्राहक हक्क नियमांनी चोवीस तास पुरवठा हे वितरण कंपनीचे कर्तव्य ठरविले आहे. कमी तासांची मुभा आहे ती शेतीसारख्या काही वर्गांपुरती आणि तीही नियामक आयोगाने ठरविली तर. विद्युत् अधिनियम २००३ च्या कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते आणि कलम ५७ प्रमाणे सेवेची मानके मोडल्यास भरपाई मागता येते. केरळच्या उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण आपल्या मागणीला त्याचा आधार घेता येतो. २०२१ साली १४ एप्रिलपासून राज्यात ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ सुरू झाली व अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत घेऊन, तीही पाच हप्त्यांत, जोडणी देण्याचे जाहीर झाले. ठीक झाले. परंतु भिंतीवर मीटर लावून प्रवाह न देणे म्हणजे विहीर खुली करून पोहरा काढून नेणे होय.

तेव्हा आपण काय करावे? पहिले, तोंडी कुरकुर बंद करून लेखी तक्रार करावी. वीज गेली की १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहावा. गेली केव्हा, आली केव्हा तेही लिहावे. वस्तीतली शिकलेली मुलगी ही वही ठेवील. महिन्याअखेर ती वही घेऊन दहा माता उपविभागाच्या कार्यालयात गेल्या, तर साहेबाला मान हलवून सुटका करून घेता येणार नाही. दुसरे, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. त्या जागांवर बसून ठराव करून घ्या: फोनवर दिलेला अभ्यास फळ्यावर किंवा कागदावरही मिळालाच पाहिजे आणि वीज नव्हती म्हणून कोणत्याही मुलाचे गुण कापले जाऊ नयेत. तिसरे, सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचा आणि मुलांनी अभ्यास करण्याचा पायंडा पाडला. आपल्या गावानेही अभ्यासाचा तास ठरवावा आणि ग्रामसभेत ठराव करून वीज कंपनीला कळवावे की, त्या तासात पूर्वनियोजित वीजबंद आम्हांस मान्य नाही. चौथे, विहारात अभ्यासिका काढा. बारा व्होल्ट, शंभर अँपियर-अवरच्या एका बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास साठतात. निम्मेच वापरले तरी ९ वॅटचे १० दिवे ३ तास चालून १५ फोन चार्ज होतात. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जे उडते त्यात हे बसते की नाही, त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि एक कटू गोष्ट. तारेवर आकडा टाकू नका, बिल थकवू नका. बिल चुकीचे असेल तर लेखी हरकत घ्या, पण चोरी करू नका. चोरीच्या उजेडात बसून हक्काच्या उजेडाची मागणी करता येत नाही, आणि वर सांगितलेल्या गटवारीला आपण स्वतः निमित्त पुरविण्याचे कारण नाही.

“स्वतःच दीप व्हा” या उपदेशाचा अर्थ सरकारने दिवा विझवला तरी गप्प बसा, असा मुळीच नाही. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा मुलाला “झोप आता” असे सांगू नका. त्याच्या हाती वही द्या, वेळ लिहून घ्यावयास सांगा आणि त्या वहीखाली स्वतःची सही करा.