बारीक माणसा, पोटाला सुतळी लाव

शहागंजात घड्याळ टॉवरच्या आसपास दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्यांना ही विनंती आहे. त्यातही बारीक मंडळींना. लठ्ठ माणसाला घरचे, शेजारचे, डॉक्टर सगळेच टोकतात. तुम्हाला कोणी काही म्हणत नाही. हातपाय काटकुळे, वजन साठ किलोच्या आत, पण बसलं की पट्ट्यावर छोटी ढेरी येते. ‘आपल्याला कुठली आलीय शुगर’ म्हणत दिवसभर कट चहा मागवणारे तुम्हीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नेमक्या याच ठेवणीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा तंतोतंत २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला बरीच हलकी, पण चरबी मात्र राखून असलेली निघाली. तेव्हा सगळा दोष तुमच्या जिभेचा नाही.

ही चरबी पोटात आणि यकृतात साठते, आणि खरी गोम यकृतात आहे. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं. यकृत जकात नाक्यासारखं त्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त तिथेच काढून घेतं. उरलेलं अंगभर फिरतं, त्यातलं बरंचसं मूत्रपिंडं मोडतात. यकृतात चरबी भरली की ही वसुली ढिली पडते आणि रक्तात इन्सुलिन जास्त राहतं. सुरुवातीला ते सोयीचंच असतं, स्वादुपिंडावरचा ताण वाचतो. पण इन्सुलिन सतत चढलेलं राहिलं की शरीर त्याला दाद देईनासं होतं. टोकियोत वरकरणी निरोगी, स्थूल नसलेल्या पुरुषांवर अभ्यास झाला. त्यांच्यातही यकृताकडून होणारी इन्सुलिनची ही सफाई सगळ्यांची सारखी नव्हती. आधी काय बिघडतं, सफाई की दाद, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. तुम्ही त्यात पडू नका. एवढंच धरा की साखरेचा रिपोर्ट नॉर्मल असतानाही आत बिघाड सुरू झालेला असू शकतो.

पण म्हणून इन्सुलिनच्या महागड्या तपासण्या आपणहून करू नका. दुकानातली सुतळी घ्या, आपल्या उंचीएवढी कापा, दुमडून निम्मी करा आणि बेंबीच्या रेषेत पोटाभोवती गुंडाळा. श्वास ओढून पोट आत घेऊ नका, सुतळी फसेल, शरीर फसणार नाही. टोकं जुळली नाहीत तर दवाखान्यात जा. टेप असेल तर पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही हद्द. मग उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासा. साखर १०० च्या पुढे, एचबीए१सी ५.७ च्या पुढे किंवा ट्रायग्लिसराइड १५० च्या पुढे असेल, तर डॉक्टरांशी बोला. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रांत तपासतात. घाटी रुग्णालयही लांब नाही. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आलं की ‘ते तर सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद कपाटात टाकतात, तो कागद आधी डॉक्टरांना दाखवा.

बारीक माणसाचं वजन उतरवायचं म्हटलं की घरात भांडण होतं, आई तर ऐकूनच घेणार नाही. पण न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी बीएमआय २७ च्या आतल्या २० मधुमेहींचं वजन टप्प्याटप्प्याने उतरवलं, तेव्हा १४ जणांचा मधुमेह औषधांशिवाय मागे हटला. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. तुम्ही आजपासून एवढं करा: चहातली साखर कमी करा, जेवणानंतर गल्ला पोराकडे देऊन चमन बागेभोवती दहा-पंधरा मिनिटं चाला, आणि आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका काढा. साखर खर्च होते ती स्नायूंत, आणि बसून-बसून तेच आटलेत.

वजन आपोआपच झपाट्याने उतरत असेल, तहान भागत नसेल, रात्री सारखं लघवीला उठावं लागत असेल, तर सुतळीच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी रमजानचे रोजे असोत की एकादशी-चतुर्थी, औषधांच्या वेळा आणि मात्रा आधीच विचारून घ्याव्यात.